शेकाची तारीख

गंभीर दुखापतीवरील उपचारांचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात रक्तस्राव थांबवणे, हाड जुळवणे, जखम शिवणे ही कामे येतात, ती काही तासांत किंवा काही दिवसांत उरकतात, आणि शस्त्रक्रिया, खाट, डिस्चार्जचा कागद अशी त्यांची मोजता येणारी रूपे असल्यामुळे रुग्णालयाच्या हिशेबात ती नीट बसतात. दुसऱ्या भागात आखडलेला सांधा सोडवणे, वाळलेल्या स्नायूत बळ आणणे, तोल सावरायला आणि पायावर भार टाकायला पुन्हा शिकवणे ही कामे येतात, आणि ती आठवडेच्या आठवडे, कधी वर्षभर चालतात. या दुसऱ्या भागाच्या शास्त्राला ग्रांथिक मराठीत भौतिकोपचार आणि व्यवहारात फिजिओथेरपी म्हणतात. रुग्ण मात्र ही दोन्ही नावे क्वचितच घेतो. त्याच्या लेखी तो ‘शेक घ्यायला’ जातो, आणि तेथे त्याला ‘तारीख’ मिळते किंवा मिळत नाही. एका बहुपेडी उपचाराचे नाव बोलीत शेकापुरते आक्रसले, ते रुग्णाच्या अडाणीपणामुळे, असे मानण्याचे कारण नाही. हे आक्रसणे आणि तारखेची टंचाई या एकाच इतिहासाच्या दोन बाजू असून, तो इतिहास मुंबई आणि पुणे या दोन शहरांत विशेष स्पष्टपणे वाचता येतो.

दुखापतीनंतर रुग्णाला ठरावीक अंतराने पुन्हा पाहिले पाहिजे, हा विचार या भूमीत नवा नव्हता. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय भग्न, म्हणजे मोडलेली हाडे आणि निखळलेले सांधे, यांच्या उपचारांना वाहिलेला आहे. मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या आधारासाठी कशा बांधाव्यात, मांडी किंवा पाय मोडलेल्या माणसाला फळीवर निजवून खुंट्यांनी कसे स्थिर करावे (या योजनेला तेथे कपाटशयन असे नाव आहे), हे सांगून झाल्यावर ग्रंथकार बंध किती दिवसांनी सोडून पुन्हा बांधावा याचे कोष्टकच देतो : थंड ऋतूत सात दिवसांनी, समशीतोष्ण ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी. सांधा स्थिर व्हायला तरुण वयात एक महिना, मध्यम वयात दोन आणि उतारवयात तीन महिने लागतात, असाही अंदाज तेथे आहे. त्याहून लक्षणीय भाग हाताच्या तळव्याच्या भग्नाविषयीचा आहे. बरे होत आलेल्या हाताने रुग्णाने आधी मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा आणि हातात बळ आल्यावर दगड, असा क्रम त्यात सांगितला आहे. भार हळूहळू वाढवत नेण्याचे जे तत्त्व आजचा भौतिकोपचारक स्पंजचा चेंडू आणि स्प्रिंगची मूठ वापरून अमलात आणतो, तेच हे तत्त्व आहे.

ग्रंथातील हे ज्ञान पुढे पंडितांच्या हाती फारसे उरले नाही. ते हाडवैद्यांकडे आणि तालमींकडे गेले, किंवा त्यांच्याकडे ते स्वतंत्रपणेच होते, असेही म्हणता येईल. खांदा निखळला, मनगट मुरगळले, मुका मार बसला तर कोल्हापूर-सांगलीकडचा पैलवान आधी वस्तादाकडे जाई, आणि शेतकरी पंचक्रोशीतल्या हाडवैद्याकडे. हाड बसवणे, लेप लावणे, कामट्या बांधणे आणि पट्टी सुटल्यावर तेल लावून सांधा चोळून मोकळा करणे ही सर्व कामे एकच माणूस करी. या पद्धतीचे दोष भयंकर होते. पट्टी फार आवळली गेली तर रक्तपुरवठा तुटून हात कायमचा वाकडा होई किंवा सडे, आणि अशी प्रकरणे आजही शल्यचिकित्सकांपुढे येतात. तथापि तिच्यात एक गुण असा होता की जोडणारा आणि चालवणारा यांच्यामध्ये कोणतीही खिडकी नव्हती, चिठ्ठी नव्हती आणि वेगळी रांगही नव्हती. आधुनिक रुग्णालयाने हाडवैद्याच्या चुका टाळल्या. त्याचबरोबर एका माणसाचे काम दोन खात्यांत वाटले, आणि वाट पाहण्याची जागा याच वाटणीत निर्माण झाली.

युरोपातही या दोन कामांचे नाते सुरळीत नव्हते. लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस हा वेल्समधील हाडवैद्यांच्या घराण्यात जन्मलेला डॉक्टर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दीर्घ आणि अखंड विश्रांतीचा पुरस्कार करीत होता, तर त्याच शतकाच्या अखेरीस फ्रेंच शल्यचिकित्सक ल्युका-शाँपियोनिएर मोडलेल्या अवयवालाही लवकर मालिश आणि हालचाल मिळाली पाहिजे असे मांडत होता. थॉमसच्या नावाची मांडीची पट्टी पहिल्या महायुद्धात असंख्य जखमींना उपयोगी पडली आणि प्लास्टरचा काळ पक्का झाला. प्लास्टरचा काळ पक्का झाल्यावर प्लास्टर काढल्यानंतरच्या आखडलेल्या गुडघ्याचे काय, हा प्रश्नही तितकाच पक्का झाला. तो सोडवण्यासाठी हाताशी असलेली माणसे वैद्यकाच्या कडेला उभी होती. स्टॉकहोममध्ये पेर हेन्रिक लिंग याने १८१३ मध्ये काढलेल्या संस्थेतून शिकलेले व्यायामशिक्षक त्यांत होते, तसेच मालिश हे प्रतिष्ठित काम आहे हे सिद्ध करण्यासाठी १८९४ मध्ये चार परिचारिकांनी लंडनमध्ये स्थापलेल्या संघटनेच्या सभासद स्त्रियाही होत्या. या संघटनेला १९२० मध्ये राजसनद मिळाली, त्यामागे महायुद्धातील जखमी सैनिकांची प्रचंड संख्या हे मुख्य कारण होते. येथूनच या व्यवसायाची एक खोड दिसू लागते : त्याच्यासाठी पैसा आणि मान एखाद्या मोठ्या आपत्तीच्या वेळी मिळतो, आणि आपत्ती ओसरली की त्याची गरजही ओसरली असे धरले जाते.

मुंबई इलाख्यात हीच गोष्ट सैन्याच्या रूपाने आली. पहिल्या महायुद्धात अवयव गमावलेल्या भारतीय सैनिकांना काहीतरी हस्तव्यवसाय शिकवावा म्हणून गव्हर्नरच्या पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली, आणि पुढे ती पुण्याजवळ खडकीला हलवण्यात आली. दुसऱ्या महायुद्धाने १९४४ मध्ये पुण्याला कृत्रिम अवयव केंद्र दिले. या संस्थांमागचा विचार साधा होता. जखमी सैनिकाला तो पुन्हा उभा राहीपर्यंत सांभाळण्याची जबाबदारी त्याच्या मालकाची, म्हणजे सैन्याची होती, आणि वेळ कितीही लागला तरी तो सेवेचाच भाग धरला जाई.

गिरणी कामगाराच्या बाबतीत कायद्याने वेगळी वाट धरली. कामाच्या ठिकाणी झालेल्या इजेबद्दल मालकाने भरपाई द्यावी असे ठरवणारा कामगार नुकसानभरपाई कायदा १९२३ मध्ये झाला आणि त्याला जोडलेल्या अनुसूचीत प्रत्येक अवयवाची किंमत टक्क्यांत लिहिली गेली. सध्याच्या अनुसूचीनुसार दोन्ही हात गेले तर कमावण्याच्या क्षमतेची हानी १०० टक्के आणि अंगठा गेला तर ३० टक्के धरतात. ही अनुसूची वाचताना जाणवते की तिच्यात गेलेल्या अवयवाला भाव आहे, पण परत मिळवता येण्याजोग्या हालचालीला रकाना नाही. अर्धवट वाकणाऱ्या कोपराला रोज अर्धा तास देऊन तो पूर्ण वाकता केला तर भरपाई वाढत नाही, उलट घटण्याचीच शक्यता असते. राज्य विमा योजनेच्या १९४८ च्या कायद्याने कामगाराला वैद्यकीय उपचारांचा हक्क दिला हे खरे, पण औषध आणि खाट यांच्या मानाने दीर्घ सराव हा त्या हक्काचा दुबळा भागच राहिला.

नागरी रुग्णालयांत भौतिकोपचार खऱ्या अर्थाने शिरला तो पोलिओमुळे. फातमा इस्माईल या स्वातंत्र्यचळवळीतील कार्यकर्त्या, मुंबईतील काँग्रेसचे नेते उमर सोबानी यांच्या भगिनी. त्यांच्या लहान मुलीला पोलिओ झाला तेव्हा उपचारांसाठी त्यांना थेट मद्रासला, डॉ. एम. जी. किणी यांच्यापर्यंत जावे लागले. जे आपल्या मुलीला इतक्या सायासाने मिळाले ते इतरांना गावातच मिळावे, या हेतूने त्यांनी १९४७ मध्ये चौपाटीजवळ एक छोटे उपचारकेंद्र काढले आणि अपंग मुलांच्या पुनर्वसनासाठी संस्था स्थापन केली. त्यातूनच पुढे हाजीअलीचे मुलांचे अस्थिव्यंग रुग्णालय उभे राहिले. त्या काळात पोलिओवरील उपचारांचा विचारही बदलत होता. ऑस्ट्रेलियातील परिचारिका एलिझाबेथ केनी यांनी लुळे पडलेले अवयव प्लास्टरमध्ये किंवा पट्ट्यांत जखडण्याला विरोध करून, लोकरीच्या गरम ओल्या पट्ट्यांनी स्नायू शेकावेत आणि मग ते हळूहळू हलवावेत, अशी पद्धत रूढ केली होती. शेक ही तेथे व्यायामाची पूर्वतयारी होती, व्यायामाची जागा घेणारी गोष्ट नव्हती, हे येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

परळच्या के.ई.एम. रुग्णालयात यानंतर ज्या दोन शाळा निघाल्या, त्यांच्यापासून या व्यवसायांचे भारतातील शिक्षण सुरू झाले असे मानतात. पहिली व्यवसायोपचाराची, म्हणजे रोजच्या कामांच्या आणि हस्तव्यवसायाच्या माध्यमातून हात-बुद्धीची क्षमता परत मिळवून देण्याच्या शास्त्राची. ती १९५० मध्ये कमला निंबकर यांनी सुरू केली. या जन्माने अमेरिकन, विवाहाने महाराष्ट्रीय बाई. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांचेच नाव चालवते. दुसरी शाळा भौतिकोपचाराची. १९५२ च्या पोलिओच्या मोठ्या साथीच्या पार्श्वभूमीवर शासन, मुंबई महापालिका आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून ती उभी केली. १९५५ मध्ये भारतीय भौतिकोपचारकांची संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी हाजीअलीला केंद्र सरकारची भौतिक वैद्यक व पुनर्वसन संस्था संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने सुरू झाली. पाच-सहा वर्षांत परळ ते हाजीअली एवढ्या छोट्या पट्ट्यात देशातील या शास्त्राचा पाया घातला गेला, ही मुंबईच्या वैद्यकीय इतिहासातील अभिमानाची गोष्ट आहे. पण पुढची कित्येक वर्षे तो पाया त्याच पट्ट्यात राहिला आणि उरलेला महाराष्ट्र तेथे बस-गाडीने येत राहिला, हेही तितकेच खरे आहे.

पोलिओसाठी रचलेल्या या व्यवस्थेवर पुढे अपघातांचा भार पडत गेला. पोलिओचे मूल एकदा नोंदले की वर्षानुवर्षे तेच मूल येई, त्यामुळे कामाचा अंदाज बांधता येई. लोकलमधून पडलेला, यंत्रात हात सापडलेला, महामार्गावर दुचाकीवरून घसरलेला माणूस असा अंदाज घेऊन येत नाही. देशात २०२२ या एका वर्षात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली अशी सरकारी नोंद आहे. मृतांच्या आकड्याची चर्चा होते. जखमींच्या आकड्यातील प्रत्येकामागे किती दिवसांचा सराव लागणार आहे, याचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही.

तो हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. बाह्यरुग्ण विभागात एक भौतिकोपचारक दिवसाला सहा तास काम करतो आणि प्रत्येक रुग्णाला अर्धा तास देतो असे धरले, तर दिवसाला १२ आणि सहा दिवसांच्या आठवड्याला ७२ बैठका होतात. रुग्ण ज्यांना ‘सिटिंग’ म्हणतात त्या याच. मांडीचे हाड मोडून सळई घातलेल्या किंवा हाताची शीर जोडलेल्या माणसाला आठवड्यातून तीन बैठका द्यायच्या म्हटल्या तर एका उपचारकाकडे एका वेळी फक्त २४ माणसे मावतात, आणि प्रत्येकाला १२ आठवडे लागले तर नव्या माणसासाठी आठवड्याला सरासरी दोनच जागा रिकाम्या होतात. शेजारचा अस्थिशल्य विभाग मात्र एकेका दिवसात याहून अधिक माणसे शस्त्रक्रिया करून मोकळी करू शकतो. या विषमतेत कोणाचा आळस नाही की हलगर्जीपणा नाही. एक काम घटनेसारखे आहे आणि दुसरे मशागतीसारखे, पण दोघांना माणसे नेमून देताना खाटांचाच मापदंड वापरला गेला.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी विभागांनी जे केले त्यातून ‘शेक’ या शब्दाचा आजचा अर्थ घडला असावा. उच्च वारंवारतेच्या विद्युत्लहरींनी खोलवर ऊब देणारे डायथर्मीचे यंत्र, रुग्णांच्या भाषेतला ‘लाल दिवा’ म्हणजे अवरक्त किरणांचा दिवा, वितळलेल्या मेणाचे पात्र, त्वचेवर चकत्या चिकटवून सौम्य विद्युत्प्रवाह देणारी पेटी, या सर्वांचा वैद्यकीय उपयोग आहेच. पण त्यांचा एक प्रशासकीय उपयोगही होता, तो असा की घड्याळ लावून चार खाटांवर चार यंत्रे चालू केली की एकच माणूस चौघांना ‘उपचार’ देऊ शकतो. हाताने सांधा वाकवण्याचे, रुग्णाला भीती वाटत असताना त्याच्या बाजूला उभे राहून पायऱ्या चढवण्याचे काम असे वाटून देता येत नाही. म्हणून गर्दीत हातांचा वेळ आटला आणि यंत्राचा वेळ उरला. केनीबाईंच्या पद्धतीत जो शेक व्यायामाच्या आधी येई, तो आता पुष्कळदा व्यायामाच्या ऐवजी आला, आणि व्यायाम छापील चित्रांच्या कागदावरून घरी करायचा झाला. रुग्णाने जे पाहिले त्यालाच नाव दिले.

उशिराची किंमत अवयवागणिक निराळी असते. बोट वाकवणारी शीर जोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे तर तारेवरची कसरत असते, कारण फार हलवली तर शीर तुटते आणि मुळीच न हलवली तर आजूबाजूला चिकटून बसते. त्या काळात तारीख मिळाली नाही, तर नंतर मिळालेली तारीख आधीच्या तारखेची भरपाई करू शकत नाही. गुडघा आणि कोपर हेही असेच रागीट सांधे. पाठीच्या कण्याच्या इजेत तर कूस बदलणे हाच उपचार असतो आणि तो थोड्या-थोड्या तासांनी करावा लागतो. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमन यांनी १९४४ पासून हीच शिस्त लावून दाखवली आणि खेळांना उपचारांत आणून त्यांना स्पर्धेचे रूप दिले. पॅरालिंपिक चळवळ तेथे जन्मली, आणि तिच्याशी महाराष्ट्राचे नाते सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांच्यामुळे जडले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झालेल्या या सैनिकाने बरे होण्यासाठी पोहणे धरले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैलीत सुवर्णपदक मिळवले. हा प्रसंग बहुधा जिद्दीचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि जिद्द त्यात होतीच. परंतु त्या जिद्दीला लागणारा तलाव, उपचारक आणि मुख्य म्हणजे वेळ पुरवणारी संस्था त्यांच्या पाठीशी होती, हा भाग सांगण्यातून निसटतो. कण्याच्या इजा झालेल्या जवानांसाठी खडकीला १९७४ मध्ये स्वतंत्र केंद्र निघाले, तेही याच परंपरेतले.

नागरी बाजूला बदल झाला तो मुख्यतः महाविद्यालयांच्या वाढीतून. १९९८ मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले, भौतिकोपचाराची खासगी महाविद्यालये लोणी, कराड, वर्धा अशा ठिकाणीही चालू लागली, आणि व्यवसायोपचार व भौतिकोपचार यांच्यासाठी राज्य परिषदेचा कायदा झाला. केंद्रीय पातळीवर संलग्न आरोग्य व्यवसायांचा आयोग नेमणारा कायदा २०२१ मध्ये आला. विद्यार्थ्याला शिकायला रुग्ण हवा असतो, त्यामुळे महाविद्यालयाला जोडलेल्या विभागात गरीब माणसाला स्वस्तात आणि बऱ्यापैकी वेळ देऊन उपचार मिळतात. ही गोष्ट वैद्यकीय धोरणाने घडवलेली नाही, ती शिक्षणाच्या गरजेतून आपोआप घडली आहे, आणि म्हणूनच परीक्षांच्या दिवसांत ती आटते. पदवी घेतलेल्यांपैकी अनेक जण शहरातील खासगी दवाखान्यांत जातात, काही परदेशी जातात, आणि तालुक्याच्या रुग्णालयात हे पद असले तरी भरलेले असेलच असे नाही.

शासकीय विमा योजनांनी शस्त्रक्रियेचा खर्च उचलला, हा अलीकडचा सर्वांत मोठा दिलासा म्हटला पाहिजे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, आणि जी शस्त्रक्रिया घर विकायला लावी ती विनामूल्य होऊ लागली. या योजनेच्या रचनेत शस्त्रक्रियेच्या एकत्रित दरात घरी सोडल्यानंतरच्या १० दिवसांची देखरेख धरलेली होती, तर केंद्राच्या आयुष्मान योजनेत हीच मुदत १५ दिवसांची ठेवली गेली. अस्थिशल्याच्या दृष्टीने दहावा दिवस म्हणजे टाके काढण्याच्या आसपासचा दिवस, आणि अनेक दुखापतींत खऱ्या व्यायामाला तेव्हा कुठे आरंभ होत असतो. सुश्रुताच्या अंदाजाने तरुण माणसालाही महिना लागतो.

पुढचे दिवस कुटुंबाच्या पदरी येतात. कुबड्या घेऊन बस पकडायची, सोबत येणाऱ्याचा रोज बुडवायचा, खिडकीवर केसपेपर काढायचा आणि वीस मिनिटांच्या बैठकीसाठी सबंध सकाळ द्यायची, हे आठवड्यातून तीनदा करणे ज्यांना जमत नाही ते तारीख मिळूनही जात नाहीत, आणि विभागाच्या वहीत ते ‘उपचार सोडलेले रुग्ण’ म्हणून नोंदले जातात. २०२० च्या टाळेबंदीत बाह्यरुग्ण विभाग थंडावले तेव्हा फोनवरून व्यायाम दाखवण्याची पद्धत रुळली आणि लांबच्या काही रुग्णांना तिचा उपयोगही झाला, मात्र दुसऱ्याच्या हातांनी वाकवावा लागणारा सांधा फोनवरून वाकत नाही. शहरातील सुखवस्तू घरांत आता भौतिकोपचारक ठरलेल्या वेळी घरी येतो, जसा पूर्वी मालिशवाला येई. खेड्यात प्लास्टर कापल्यावर आखडलेला हात घेऊन माणूस पुष्कळदा पंचक्रोशीतल्या हाडवैद्याकडेच जातो, कारण तो तेल लावतो, सांधा चोळतो आणि परवा पुन्हा यायला सांगतो.